दुर्मीळ रंगातली जुनी फाउंटन पेने आणि पेन्सिली: नव्याने संग्रह करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जुन्या पेनांचा संग्रह करणारे बहुतेक जण एखाद्या कंपनीपासून किंवा एखाद्या मॉडेलपासून सुरुवात करतात. मी या छंदात शिरलो तो एका रंगामुळे. पार्कर ५१ या पेनाचा ‘प्लम’ नावाचा जांभळट रंग एकदा हातात धरून पाहिला आणि त्याच रंगाचे पेन व जोडीची पेन्सिल मिळवायची, असे ठरवले. पुढे पार्कर डुओफोल्डचा पिवळा रंगही त्यात आला. या वाटेवर मी ज्या चुका केल्या त्यांतल्या जवळजवळ सगळ्या टाळता येण्यासारख्या होत्या, कारण त्या पेनाविषयीच्या अज्ञानातून झाल्या नव्हत्या, तर रंगाविषयीच्या अज्ञानातून झाल्या होत्या. पेनाचे मॉडेल, साल आणि निब यांची माहिती सहज मिळते. पण समोरचा रंग कारखान्यातून निघाला तेव्हाचाच आहे की नाही, हे कसे ठरवायचे ते फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात सर्वाधिक जागा मी त्या प्रश्नाला दिली आहे.

सुरुवातीला जवळ असावे असे साहित्य

- दहापट मोठे दाखवणारे भिंग
- साधा, चमक नसलेला पांढरा कागद आणि शक्य असल्यास छायाचित्रकार वापरतात ते करड्या रंगाचे कार्ड
- मिलिमीटरचे दशांश मोजता येतील असे कॅलिपर
- पेनातून पाणी खेळवण्यासाठी रबरी फुगा असलेली पिचकारी
- मऊ सुती कापड, आणि चाचणीपुरती साधी निळी, सहज धुऊन निघणारी शाई
- नोंदींसाठी जाड पुठ्ठ्याची वही

दुरुस्तीची हत्यारे या यादीत मुद्दाम घातलेली नाहीत. पहिल्या वर्षी त्यांची गरज नसते, आणि ती हाताशी असली की नको तिथे हात घातला जातो.

पायरी १: रंग दुर्मीळ का झाला, हे आधी समजून घ्या

एखादा रंग आज कमी दिसतो त्यामागे ढोबळमानाने तीन कारणे असतात, आणि प्रत्येक कारणासाठी शोधण्याची पद्धत वेगळी असते.

पहिले कारण म्हणजे तो रंग त्या काळी खपलाच नाही. पार्कर कंपनीने १९२१ मध्ये डुओफोल्ड बाजारात आणले ते लालसर केशरी रंगात, आणि ते ‘बिग रेड’ म्हणून गाजले. त्यानंतर हिरवा ‘जेड’ आला, निळा ‘लॅपिस’ आला, आणि १९२७ मध्ये ‘मँडरिन यलो’ हा भडक पिवळा आला. या पिवळ्यावर शाईचा प्रत्येक डाग आणि प्रत्येक बारीक चीर उठून दिसत असे. ग्राहकांनी त्याकडे पाठ फिरवली, म्हणून मुळातच तो कमी विकला गेला.

दुसरे कारण म्हणजे तो रंग थोडाच काळ बनवला गेला. पार्कर ५१ हे पेन १९४१ पासून सर्वत्र विकले जाऊ लागले आणि १९७२ पर्यंत बनत राहिले. पण त्यातला प्लम रंग १९४० च्या दशकाच्या अखेरीस थोड्याच काळापुरता आला आणि गेला. काळा, बर्गंडी किंवा टील ब्लू या रंगांतली पार्कर ५१ पेने आजही मुबलक आहेत, मात्र प्लम क्वचित भेटतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पेने पुष्कळ बनली, पण त्यांचा रंग टिकला नाही. शेफर कंपनीने १९२४ मध्ये सेल्युलॉइडची पेने आणली. त्या साहित्याला तिने ‘रॅडाइट’ असे नाव दिले होते आणि त्यातला पहिला गाजलेला रंग जेड हिरवा होता. जेड रंगाची पेने आज दुर्मीळ नाहीत. परंतु मूळचा स्वच्छ हिरवा शाबूत असलेले जेड पेन खरोखरच दुर्मीळ आहे, कारण बहुतेकांच्या नळ्या, म्हणजे हातात धरायचे मुख्य पोकळ भाग, काळपट, शेवाळी किंवा तपकिरी झाल्या आहेत. अशा बाबतीत पेन शोधणे सोपे असते आणि रंग शोधणे अवघड असते.

तुम्ही निवडलेला रंग या तिघांपैकी कोणत्या गटात मोडतो, हे एका ओळीत वहीत लिहून ठेवा. पहिल्या दोन गटांत तुम्हाला नकली आणि चुकीच्या नावाने विकलेल्या मालापासून सावध राहायचे आहे. तिसऱ्या गटात स्थितीवर कसलीही तडजोड करायची नाही.

पायरी २: एक रंग आणि एकच मालिका ठरवा

‘मला पिवळी पेने हवीत’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. एकाच पिवळ्याच्या नावाखाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या साहित्याच्या आणि वेगवेगळ्या दशकांतल्या वस्तू येतात. त्यांची तुलना एकमेकांशी करता येत नाही आणि नजर तयार होत नाही. एका कंपनीची एक मालिका घ्या. डुओफोल्ड घेतले तर सीनियर, ज्युनियर आणि लेडी हे तीन मुख्य आकार आणि त्यांच्या जोडीच्या पेन्सिली एवढी चौकट पुरेशी आहे. पार्कर ५१ घेतले तर पूर्ण आकाराचे पेन, त्याहून लहान असलेले ‘डेमी’, आणि त्यांच्या पेन्सिली. सहा-सात वस्तूंची ही यादी पूर्ण व्हायलाही अनेक वर्षे लागू शकतात.

पायरी ३: पेनाच्या आधी पेन्सिल घ्या

हा सल्ला नवख्यांना विचित्र वाटतो, पण माझ्या दृष्टीने या संपूर्ण लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. त्यामागचे कारण नीट समजून घ्यावे.

१९२० आणि १९३० च्या दशकांतल्या बहुसंख्य पेनांमध्ये शाई एका रबरी पिशवीत साठवली जात असे. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक मिसळलेले असते. पिशवी जुनी होऊ लागली की तिच्यातून गंधकयुक्त वायू हळूहळू बाहेर पडतात आणि बंद नळीच्या आत कोंडून राहतात. सेल्युलॉइडच्या फिकट रंगांवर या वायूंचा परिणाम होतो आणि नळी आतून बाहेरच्या दिशेने तपकिरी होत जाते. टोपणात पिशवी नसते, म्हणून ते तुलनेने वाचते. पेन्सिलीत तर शाईही नसते आणि रबरी पिशवीही नसते. त्यामुळे त्याच कारखान्यात, त्याच सेल्युलॉइडपासून बनलेली जोडीची पेन्सिल बहुतेक वेळा मूळ रंगाच्या सर्वांत जवळ असते.

संग्राहक पेनांच्या मागे धावतात, म्हणून पेन्सिली कमी चुरशीने मिळतात. चांगल्या स्थितीतली एक पेन्सिल घेतली की तुमच्याकडे रंगाचा नमुना तयार झाला. पुढे येणारे प्रत्येक पेन त्या नमुन्याशेजारी ठेवून पाहा. मी माझे पहिले मँडरिन यलो पेन पेन्सिलीशेजारी ठेवले तेव्हा त्याचे टोपण आणि पेन्सिल सारखेच लख्ख पिवळे दिसले, पण नळी मात्र खूप दिवस उन्हात राहिलेल्या वर्तमानपत्राच्या कागदासारखी झाली होती. पेन एकटे पाहिले असताना हा फरक माझ्या डोळ्यांना जाणवलाच नव्हता, कारण डोळा समोर असलेल्या रंगाशी पटकन जुळवून घेतो.

पार्कर ५१ च्या बाबतीत कारण थोडे वेगळे आहे. ते पेन ल्युसाइट या अॅक्रिलिक प्लास्टिकचे असल्यामुळे त्याचा रंग बराच स्थिर असतो. तिथे पेन्सिल उपयोगी पडते ती खरा प्लम आणि बर्गंडी यांतला फरक शिकण्यासाठी. त्यासाठी प्लमच्या पेन्सिलीबरोबर एक साधी, सहज मिळणारी बर्गंडी पेन्सिलही घेऊन ठेवा.

पायरी ४: छायाचित्रावरून रंग ठरवू नका

दूरवरच्या विक्रेत्याकडून घेताना छायाचित्रावाचून गत्यंतर नसते, आणि नेमकी इथेच सर्वाधिक फसगत होते. माझी झालेली फसगत सांगतो. ‘प्लम’ असे लिहिलेले एक पार्कर ५१ मी केवळ छायाचित्र पाहून घेतले. चित्रात ते स्पष्ट जांभळे दिसत होते. पाकीट उघडले ते संध्याकाळी, दिव्याच्या प्रकाशात. तेव्हा ते जवळजवळ काळेच दिसले आणि मी समाधानाने ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर माझ्या पेन्सिलीशेजारी ठेवले आणि फरक एका क्षणात कळला. पेन्सिलीचा रंग वांगी रंगाकडे झुकत होता, तर पेनाचा विटकरी-तपकिरीकडे. ते साधे बर्गंडी होते. विक्रेत्याने बहुधा निळसर प्रकाशात छायाचित्र काढले होते आणि कॅमेऱ्याने उरलेले काम केले होते. त्याने जाणूनबुजून फसवले असे मी म्हणणार नाही. त्यालाही फरक ठाऊक नसावा.

कॅमेरा प्रकाशाचा रंग आपोआप ‘दुरुस्त’ करतो, आणि गडद लाल-जांभळ्या छटांमध्ये ही दुरुस्ती हमखास चुकते. पिवळसर दिव्याखाली प्लम बर्गंडीसारखा दिसतो. निळसर प्रकाशात बर्गंडी प्लमसारखा दिसतो. म्हणून विक्रेत्याला पुढील गोष्टी नम्रपणे आणि स्पष्ट शब्दांत मागाव्यात:

- थेट ऊन नसलेल्या, खिडकीतल्या दिवसाच्या प्रकाशात काढलेले छायाचित्र, फ्लॅशशिवाय
- त्याच चौकटीत पांढरा कागद आणि एखादी निखळ काळी वस्तू
- टोपण काढलेले पेन, म्हणजे टोपण आणि नळी शेजारी शेजारी दिसतील असे
- नळीवरचा कोरीव छापा, तिरप्या प्रकाशात
- निबचे टोक समोरून आणि बाजूने
- टोपणाची कड, भिंगाखाली दिसेल इतक्या जवळून

छायाचित्रातला कागद पिवळा किंवा निळा दिसत असेल तर शेजारच्या पेनाच्या रंगावरही विश्वास ठेवू नये. विक्रेता यांपैकी काहीच द्यायला तयार नसेल, तर ती वस्तू सोडून द्यावी. रंग वर्णनाप्रमाणे नसल्यास वस्तू परत घेतली जाईल, हे व्यवहारापूर्वी लेखी घ्यावे. ‘पेन चांगल्या स्थितीत नसल्यास’ एवढ्यावर थांबू नये, कारण बर्गंडीचे उत्तम पेनसुद्धा चांगल्याच स्थितीत असते.

पायरी ५: साहित्य ओळखायला शिका

रंग कसा बिघडतो हे पूर्णपणे साहित्यावर अवलंबून असते, म्हणून चार मुख्य साहित्ये ओळखता आलीच पाहिजेत.

एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, हे सर्वांत जुने. उजेड आणि ओलावा यांनी काळे एबोनाइट तपकिरी किंवा शेवाळी होते. क्लिपच्या खालची जागा झाकलेली असल्याने तिथे मूळ रंग उरतो. क्लिपच्या कडेने भिंगातून डोकावून पाहा. अंगठ्याने जोरात घासल्यास गंधकाचा वास येतो. एबोनाइटचे पेन पाण्यात भिजत ठेवू नका आणि गरम पाणी तर अजिबात लावू नका. काही मिनिटांत त्याचा रंग कायमचा उतरू शकतो.

सेल्युलॉइड कापसाच्या तंतूंपासून बनवलेल्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून तयार केले जाते, त्यामुळे ते घासले की कापराचा मंद वास येतो. ते ज्वालाग्राही आहे. तापवलेली सुई टोचून साहित्य ओळखण्याचा एक उपाय काही जण सांगतात, तो कधीही करू नये.

केसीन दुधातल्या प्रथिनापासून बनते. ब्रिटनच्या कॉनवे स्टुअर्ट कंपनीची अनेक सुंदर रंगांची पेने केसीनची आहेत. ते पाणी शोषते, फुगते आणि वाकडे होते, म्हणून केसीनची नळी केवळ ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करावी.

अॅक्रिलिक हे या सर्वांत शहाणे साहित्य. त्याला साधे पाणी चालते, परंतु अल्कोहोल चालत नाही. सेल्युलॉइडलाही ते चालत नाही. शाईचे डाग काढण्यासाठी स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरण्याचा मोह अनेकांना होतो, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

पायरी ६: हातात आल्यावर क्रमाने तपासा

पेन हातात आल्यावर लगेच शाई भरू नका. आधी टोपणाची कड भिंगाखाली धरून सावकाश फिरवा. टोपण घट्ट लावताना कडेवर ताण येतो, म्हणून चिरा तिथेच पडतात. प्रकाश तिरपा पाडला की केसासारखी रेषा चमकते. क्लिपच्या आणि धातूच्या कड्यांच्या आसपासही पाहा. कड दाबून किंवा ताणून चीर ‘उघडते का’ हे पाहू नका. मँडरिन यलोच्या बाबतीत ही तपासणी दोनदा करावी.

मग छापा पाहा. नळीवर कंपनीचे नाव, मॉडेल आणि कधी कधी साल दाबून कोरलेले असते. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर पेनाला फार पॉलिश झालेले नाही. अक्षरे अस्पष्ट असतील आणि रंग मात्र अगदी नवा दिसत असेल, तर काळवंडलेला वरचा थर घासून काढलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशी नळी सुंदर दिसते खरी, पण ती मूळ जाडीची राहिलेली नसते. कॅलिपरने मधोमध आणि टोकाशी मोजून पाहा. पार्करच्या १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या अनेक पेनांवर या छाप्यात सालाचा शेवटचा आकडा असतो आणि तिमाही दाखवणारे ठिपके असतात. आकडा तुमच्या रंगाच्या काळाशी जुळतो का, हे पाहणे सोपे आहे आणि तरीही ते पुष्कळ जण विसरतात.

त्यानंतर टोपण आणि नळी यांचा रंग दिवसाच्या प्रकाशात, पेन्सिलीच्या नमुन्याशेजारी तपासा. नळी एकसारखी गडद असेल तर दोष पिशवीच्या वायूंचा असतो आणि तो धुऊन जात नाही. मधेच एखादा पट्टा गडद असेल तर तो बहुधा शाईचा डाग असतो. थंड पाण्याने आणि संयमाने तो फिका होऊ शकतो.

शेवटी निब. दोन्ही पात्यांची टोके सारखी आहेत का, टोकावरचा कठीण धातूचा मणी दोन्ही बाजूंना शिल्लक आहे का, आणि मधल्या छिद्रापासून एखादी चीर निघालेली नाही ना, एवढे पाहावे. निबवर कंपनीचे नाव नसून केवळ ‘वॉरंटेड’ आणि कॅरटचा आकडा असेल, तर ती सहसा नंतर बसवलेली निब असते. रंगाच्या संग्राहकाने त्यासाठी पेन नाकारावे असे नाही. योग्य निब नंतर मिळते, योग्य रंगाची नळी मिळत नाही.

पायरी ७: जोडकाम आणि नवी आवृत्ती ओळखा

एका पेनाचे टोपण आणि दुसऱ्याची नळी जोडून ‘पूर्ण’ पेन विकणे ही जुनीच रीत आहे. दुर्मीळ रंगात ती अधिक चालते, कारण तुटलेल्या दोन पेनांमधून एक विकण्याजोगे पेन तयार होते. डुओफोल्डमध्ये टोपण आणि नळी यांच्या छटा वेगळ्या असण्याला वायूंचे नैसर्गिक कारण असू शकते, त्यामुळे तिथे घाईने निष्कर्ष काढू नका. आकार, कड्यांची संख्या आणि छाप्याची शैली एकाच काळातली आहे का ते पाहा. पार्कर ५१ मध्ये निबवरचे आवरण आणि नळी हे दोनच रंगीत मुख्य भाग असतात आणि ते दोन्ही सारखेच जुळले पाहिजेत. प्लमच्या नळीवर बर्गंडीचे आवरण बसवलेली पेने आढळतात. दोन्ही भाग एका सरळ रेषेत धरून जोडाच्या ठिकाणी रंग बदलतो का, ते पाहावे. टोपण धातूचे असल्याने ते कोणत्याही पार्कर ५१ चे असू शकते. त्यावरून रंगाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

काही कारागीर नव्या प्लास्टिकच्या कांडीतून लेथवर कातून बदली नळ्या आणि टोपणे बनवतात. प्रामाणिकपणे सांगून विकल्यास त्यात गैर काही नाही. अशा भागांवर बहुधा छापा नसतो, आणि असलाच तर त्याच्या कडा वेगळ्या दिसतात.

नवी आवृत्ती हा आणखी एक सापळा आहे. पार्करने डुओफोल्ड हे नाव १९८८ मध्ये पुन्हा आणले आणि पुढे १९९० च्या दशकात पिवळ्या रंगातही पेन काढले. २०२१ मध्ये पार्कर ५१ नव्याने आले आणि त्यात प्लम हा रंगही आहे, त्यामुळे ‘पार्कर ५१ प्लम’ असा शोध घेतला की आता ही नवी पेनेच आधी समोर येतात. ओळखायला मात्र ती सोपी आहेत. नव्या ५१ चे टोपण आटे फिरवून लावावे लागते, जुन्याचे सरळ सरकवून बसते. नव्यात शाईची नळकांडी किंवा कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारा, काढता येणारा भाग, असतो. जुन्यात १९४८ पर्यंत नळीच्या मागच्या टोकाखाली दडवलेला व्हॅक्युमॅटिक दट्ट्या असे, आणि १९४८ पासून नळी काढल्यावर दाबपट्टी असलेली, धातूच्या आवरणातली पारदर्शक पिशवी दिसते. ती पिशवी रबराची नाही, प्लास्टिकची आहे, आणि अनेक पेनांत ती आजही उत्तम चालते. ती उगीच बदलू नका.

पायरी ८: दुरुस्ती जाणकाराकडून करून घ्या, पण काय करायचे ते तुम्ही सांगा

सेल्युलॉइडचे पेन उघडण्यासाठी सौम्य कोरडी ऊब लागते, कारण पुढचा भाग लाखेने चिकटवलेला असू शकतो. थोडी जास्त ऊब लागली तर नळी वाकते, आणि ज्योतीजवळ नेले तर पेट घेते. दुर्मीळ रंगाच्या पेनावर हे काम शिकू नये. दुरुस्ती करणाऱ्याकडे पेन देताना पुढील सूचना लिहून द्याव्यात:

- नळीला आणि टोपणाला पॉलिश करू नये
- पिशवी लाखेनेच चिकटवावी. सुपरग्लू वापरू नये
- फिकट रंगाच्या सेल्युलॉइडमध्ये रबरी पिशवीऐवजी सिलिकॉनची पिशवी बसवावी
- काढलेले सर्व जुने भाग परत द्यावेत

यातला तिसरा मुद्दा पिवळ्या, जेड आणि मोतिया रंगांसाठी फार महत्त्वाचा आहे. नवी रबरी पिशवी बसवली की तेच वायू पुन्हा सुरू होतात. ज्या पेनाने लिहायचे नसेल, त्यात पिशवी न बसवता ते तसेच ठेवणे मला सर्वांत योग्य वाटते. लिहायचेच असेल तर साधी निळी शाई वापरावी. लाल, जांभळी आणि न पुसली जाणारी शाई फिकट रंगाच्या पेनात घालू नये.

पायरी ९: पेन्सिलींकडे वेगळे लक्ष द्या

जुन्या मेकॅनिकल पेन्सिलींचे शिसे आजच्यासारखे ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरचे नसते. १९२० च्या दशकातल्या बहुतेक पेन्सिलींना साधारण १.१८ मिलिमीटरचे आणि नंतरच्या पातळ शिशाच्या पेन्सिलींना ०.९ मिलिमीटरचे शिसे लागते. टोकाचे छिद्र मोजल्याशिवाय शिसे घालू नका; चुकीचे शिसे अडकले की यंत्रणा जबरदस्तीने फिरवली जाते आणि आतला पितळी भाग तुटतो. अडकलेले शिसे काढायला योग्य जाडीची तार टोकाकडून हळू सरकवावी. मागचा खोडरबर दगडासारखा झाला असेल तर तो उपटून काढू नका. टोक चेपलेले असेल तर पेन्सिल लिहिण्यासाठी निकामी समजावी, परंतु रंगाचा नमुना म्हणून ती तितकीच मोलाची आहे.

पायरी १०: साठवण

उजेड, उष्णता आणि कोंडलेली हवा हे तिन्ही टाळावे. सेल्युलॉइडची पेने हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत किंवा घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवू नयेत. कापडाच्या कप्प्यांचा उघडा ट्रे, तोही बंद कपाटातला, सर्वांत चांगला. रबरबँड कधीही लावू नका, त्यातही गंधक असते. एखाद्या पेनाच्या सेल्युलॉइडमध्ये आतून जाळीसारख्या चिरा दिसू लागल्या, ते चिकट झाले किंवा शेजारचा धातू हिरवा पडू लागला, तर ते त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळे करावे. कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लयुक्त वायू निघतात आणि शेजारची धडधाकट पेनेही त्यांनी बिघडतात. रबरी पिशवी असलेले पेन आणि नमुन्याची पेन्सिल एकाच बंद पेटीत ठेवू नका, मग ती पेटी मूळची, दोघांची जोडी ठेवण्यासाठीच बनवलेली असली तरीही. पेटी जपावी, पण रिकामी.

पायरी ११: प्रत्येक वस्तूची कागदपत्रे ठेवा

प्रत्येक पेनासाठी आणि पेन्सिलीसाठी वहीत एक पान राखून ठेवा. त्यासोबत पुढील कागद असावेत:

- खरेदीची पावती आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद
- विक्रेत्याने पाठवलेली मूळ छायाचित्रे, जशी आली तशी
- तुम्ही स्वतः काढलेली छायाचित्रे, करड्या कार्डासह
- लांबी, मधली जाडी, छाप्यातली अक्षरे आणि सालाचा आकडा
- दुरुस्तीची तारीख, केलेले काम आणि बदललेल्या भागांची नोंद

नळीवर दुकानातली जुनी चिठ्ठी किंवा खडूने लिहिलेली खूण असेल तर ती काढू नका आणि पुसू नका. पेन वापरले गेले नव्हते याचा तो सर्वांत चांगला पुरावा असतो.

छायाचित्र काढताना खिडकी, दिवसाची वेळ आणि कार्ड यांत बदल करू नका, आणि प्रत्येक वेळी नमुन्याची पेन्सिल चौकटीत असू द्या. वर्षातून एकदा हेच छायाचित्र पुन्हा काढून मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवायचे. माझ्या एका जेड पेनाची नळी पेन्सिलीपेक्षा किंचित गडद होऊ लागल्याचे मला अशा तिसऱ्या छायाचित्रात दिसले. पेन उघडून घेतले तेव्हा आधीच्या मालकाने बसवलेली रबरी पिशवी आत चिकट झालेली निघाली. ती काढून टाकल्यापासूनच्या छायाचित्रांत नळी आणखी काळवंडलेली दिसत नाही.